ट्रस्टची जागा नेमकी कुणाची? देणाऱ्याची, विश्वस्ताची की आणखी कुणाची? समजून घ्या ट्रस्टचा कायदा

समजा, तुमच्या आजोबांनी १९७८ मध्ये गावातली पाच गुंठे जागा वाचनालयासाठी दिली. रीतसर कागद केला, पाच विश्वस्त नेमले, ट्रस्टची नोंदणी झाली. पुढची तीस-पस्तीस वर्षं वाचनालय छान चाललं. मग रस्ता रुंद झाला आणि जागेचा भाव वाढला. पाचपैकी चार विश्वस्त वारले. पाचव्याचा मुलगा आता स्वतःला अध्यक्ष म्हणवतो. वाचनालय आठवड्यातून दोनच दिवस उघडतं आणि एका सकाळी आवारात एका बिल्डरचा बोर्ड लागतो.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं, "जागा आपल्या आजोबांची होती, परत मागूया." कुणी म्हणतं, "एकदा दिली ती दिली, आता ट्रस्टी काय करतील ते करतील."

कायद्याच्या दृष्टीने ही दोन्ही मतं चुकीची आहेत. उदाहरण काल्पनिक आहे. पण शाळा, धर्मशाळा, देऊळ, वसतिगृह, दवाखाना अशा जागांवरून होणारे वाद बहुतेक तालुक्यांना परिचयाचे असतात. म्हणूनच ट्रस्ट म्हणजे काय, त्यातली मालमत्ता कुणाची असते आणि सामान्य माणसाच्या हातात काय असतं, हे सोप्या भाषेत जाणून घेऊया.

ट्रस्ट म्हणजे नेमकं काय?

भिशीचं उदाहरण घ्या. भिशीचे पैसे ज्याच्याकडे जमा होतात, ते त्याच्या कपाटात किंवा खात्यात असतात. पण ते त्याचे नसतात. दुसऱ्याच्या भल्यासाठी आणि ठरलेल्या कामासाठी ते त्याच्या ताब्यात दिलेले असतात. या विश्वासाला कायद्याची चौकट दिली की ट्रस्टची कल्पना समजायला सोपी जाते.

भारतात खासगी ट्रस्टसाठी 'भारतीय न्यास अधिनियम, १८८२' हा कायदा आहे. त्यातील कलम ३ नुसार ट्रस्ट म्हणजे मालकीला जोडलेली जबाबदारी. यात तीन भूमिका असतात:

• ट्रस्ट करणारा: जो मालमत्ता देतो आणि ती कशासाठी वापरायची हे ठरवतो. आपल्या उदाहरणात आजोबा.
• विश्वस्त किंवा ट्रस्टी: ज्यांच्या ताब्यात मालमत्ता असते आणि जे ती सांभाळतात.
• लाभार्थी: ज्यांच्यासाठी हे सगळं केलं जातं. इथे वाचनालयाचे वाचक.

वैध ट्रस्टसाठी हेतू, मालमत्ता आणि लाभार्थी या तिन्ही गोष्टी स्पष्ट असाव्या लागतात. "माझ्यामागे या पैशातून काहीतरी चांगलं करा" एवढंच लिहून ट्रस्ट होत नाही.

मग मालक कोण?

गोंधळ इथेच होतो. कंपनी कायद्याने स्वतंत्र 'व्यक्ती' मानली जाते. साधा ट्रस्ट तशी स्वतंत्र व्यक्ती नसतो. त्यामुळे मालमत्ता कायद्याने विश्वस्तांकडे असते आणि करार, बँक खातं, कोर्टकचेरी हे सगळं तेच पाहतात. कागदावर पाहिलं तर ते मालकच वाटतात.

पण ही मालकी रिकाम्या हाताची आहे. मालमत्तेचा फायदा घेण्याचा हक्क लाभार्थ्यांचा असतो आणि तो ते विश्वस्ताविरुद्ध बजावू शकतात. व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन ग्रुप चालवतो, पण ग्रुपमधले फोटो त्याचे होत नाहीत, तसंच काहीसं.

आणि ज्याने मालमत्ता दिली, त्याचं काय? सार्वजनिक कामासाठी एकदा ट्रस्ट झाला की देणाऱ्याचा मालकी हक्क संपतो. त्यामुळे नातवंडांना "आमच्या आजोबांची जागा" म्हणून ती वारसाहक्काने मागता येत नाही. कागदातच जागा परत येण्याची अट असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी मूळ कागद वाचावा लागतो.

देवस्थानांच्या बाबतीत आणखी एक वेगळेपण आहे. हिंदू देवतेला कायदा स्वतंत्र व्यक्ती मानतो. पुजारी देवाच्या जमिनीचा मालक नसतो, जमीन देवतेचीच असते, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील एका प्रकरणात पुन्हा स्पष्ट केलं.

खासगी आणि सार्वजनिक ट्रस्टमध्ये फरक काय?

लाभार्थी ठरावीक व्यक्ती असतील, उदाहरणार्थ मुलं, नातवंडं, एखादी आजारी बहीण, तर तो खासगी ट्रस्ट. त्याला १८८२ चा कायदा लागू होतो. लाभार्थी म्हणजे सर्वसामान्य जनता किंवा तिचा एखादा मोठा गट असेल, तर तो सार्वजनिक ट्रस्ट.

महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्टसाठी १९५० चा कायदा आहे. पूर्वी त्याचं नाव 'मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम' होतं, आता मुंबईच्या जागी 'महाराष्ट्र' आलं आहे. गरिबांना मदत, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकोपयोगी कामं आणि धार्मिक कामं यांसाठीचे ट्रस्ट त्यात येतात. देखरेख धर्मादाय आयुक्तांची असते. मुख्यालय मुंबईत वरळीला आहे आणि जिल्ह्यांमध्ये सह, उप किंवा सहाय्यक धर्मादाय आयुक्तांची कार्यालयं आहेत.

काही ठिकाणी वेगळे कायदे आहेत. पंढरपूरच्या मंदिरांसाठी १९७३ चा, प्रभादेवीच्या सिद्धिविनायक मंदिरासाठी १९८० चा आणि शिर्डीच्या साईबाबा संस्थानासाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे. वक्फ मालमत्तांसाठी केंद्राचा कायदा आहे. गोव्यात महाराष्ट्राचा हा कायदा चालत नाही. तिथल्या देवस्थानांना पोर्तुगीज काळातली महाजनांची नियमावली लागू आहे.

आणखी एक महत्त्वाचा फरक काळाचा. खासगी ट्रस्ट अनंत काळ मालमत्ता अडकवून ठेवू शकत नाही. सार्वजनिक ट्रस्टला तशी मुदत नसते. त्यामुळेच १९१९ मधला सर रतन टाटा ट्रस्ट आणि १९३२ मधला सर दोराबजी टाटा ट्रस्ट आजही कार्यरत आहेत. टाटा समूहातील ट्रस्टांकडे मिळून टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर आहेत.

'संस्था' आणि 'ट्रस्ट' एकच का?

अनेक शाळा, मंडळं आणि वाचनालयं १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात. त्यात सभासद असतात आणि ते कार्यकारिणी निवडतात. महाराष्ट्रात धर्मादाय किंवा धार्मिक हेतूची अशी संस्था सार्वजनिक ट्रस्टच मानली जाते आणि तिचीही नोंद धर्मादाय कार्यालयात करावी लागते. त्यामुळे एकाच संस्थेचे दोन नोंदणी क्रमांक दिसतात. देणगी पावतीवर 'एफ' ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती साधारणपणे अशी संस्था असते.

गणेशोत्सवासारख्या कामासाठी तात्पुरती वर्गणी गोळा करणाऱ्या, पण ट्रस्ट म्हणून नोंद नसलेल्या मंडळांना कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

माहिती कुठे मिळेल?

आपल्या वाचनालयाच्या वादात पहिलं काम बोर्ड फाडणं किंवा फेसबुक पोस्ट टाकणं हे नाही. पहिलं काम म्हणजे धर्मादाय कार्यालयातून 'परिशिष्ट-१' चा उतारा काढणं. काही ठिकाणी त्याला पीटीआर उतारा म्हणतात. सात-बारा जसा जमिनीचा, तसा हा ट्रस्टचा उतारा. त्यात ट्रस्टचं नाव, विश्वस्तांची नावं, विश्वस्त नेमण्याची पद्धत, उद्देश आणि मालमत्ता यांची नोंद असते.

विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवा आला, मालमत्ता वाढली किंवा कमी झाली, तर ९० दिवसांत तसं धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. त्याला 'बदल अर्ज' किंवा बोलीभाषेत चेंज रिपोर्ट म्हणतात (कलम २२).

आता पाचव्या विश्वस्ताच्या मुलाकडे वळू. वडील विश्वस्त होते म्हणून मुलगा आपोआप विश्वस्त होत नाही. ट्रस्टच्या घटनेत वंशपरंपरेची तरतूद असेल तरच तसा दावा करता येतो, आणि तेव्हाही नोंद लागते. परिशिष्ट-१ वर अजून १९७८ चीच पाच नावं असतील, तर 'अध्यक्ष' कोणत्या अधिकारात सह्या करतोय, हा प्रश्न विचारायला हवा. विश्वस्तांच्या जागा रिकाम्या असतील, तर हितसंबंधित व्यक्ती नवे विश्वस्त नेमण्यासाठी कलम ४७ खाली अर्ज करू शकते.

ट्रस्टची जागा विकता येते का?

येते, पण विश्वस्तांच्या मर्जीने नाही. या कायद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम कदाचित हेच: कलम ३६. सार्वजनिक ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकणं, अदलाबदल करणं किंवा बक्षीस देणं यासाठी धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. शेतजमीन १० वर्षांपेक्षा जास्त किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने द्यायची असेल, तरीही मंजुरी लागते.

मंजुरी देताना आयुक्तांना ट्रस्टचं हित, फायदा आणि संरक्षण पाहावं लागतं. विक्रीची गरज काय, जागेची खरी किंमत किती, जास्त देणारा कुणी आहे का, आलेल्या पैशाचं काय करणार, असे प्रश्न इथे येतात. फसवणूक करून, खोटी माहिती देऊन किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मंजुरी मिळवली असेल, तर ती रद्द करण्याचा अधिकारही आयुक्तांना आहे.

म्हणजे पुनर्विकास हा शब्द ऐकला की तो घोटाळाच, असं नाही. पडकी इमारत पाडून तळमजल्यावर मोठं वाचनालय आणि वर भाड्याचे गाळे, हा ट्रस्टच्या फायद्याचा व्यवहार असू शकतो. तो उघडपणे आणि मंजुरी घेऊन झाला का, हे तपासायचं.

मूळ उद्देशच आता शक्य नसेल तर? समजा, ट्रस्ट एखाद्या विशिष्ट आजाराच्या रुग्णांसाठी होता आणि तो आजारच राहिला नाही. तेव्हाही मालमत्ता विश्वस्तांची होत नाही. मूळ हेतूच्या जवळ जाणाऱ्या दुसऱ्या कामासाठी ती वापरण्याबाबत न्यायालयाकडून निर्देश घेण्याची सोय कलम ५५ मध्ये आहे.

विश्वस्ताने काय करायचं, काय नाही?

विश्वस्तपद हा मान असतो, पण त्याची जोखीमही असते. थोडक्यात:

• सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेईल तेवढी काळजी घ्यायची.
• ट्रस्टच्या मालमत्तेतून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही.
• हिशेब ठेवायचे, त्यांचं लेखापरीक्षण करून घ्यायचं. गैरप्रकार दिसल्यास लेखापरीक्षकानेही तो अहवालात नमूद करायचा असतो.
• शिल्लक पैसा कायद्याने सांगितलेल्या सुरक्षित ठिकाणी ठेवायचा. नातेवाइकाच्या धंद्यात नाही.

ट्रस्टचं नुकसान झालं तर ते विश्वस्ताला भरून द्यावं लागू शकतं. पैसे हडप केले तर प्रकरण फौजदारी होतं. गुन्हेगारी स्वरूपाच्या विश्वासघाताचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१६ आहे. "मी फक्त नावाला ट्रस्टी होतो, सह्या तेवढ्या करायचो" हा बचाव सहसा उपयोगी पडत नाही. ओळखीच्या कुणी सहीपुरतं नाव द्यायला सांगितलं, तर हे लक्षात ठेवा.

तक्रार कोण करू शकतं?

कायदा 'हितसंबंधित व्यक्ती' हा शब्द वापरतो. देवळाच्या बाबतीत तिथे नेहमी दर्शनाला जाणारा भाविक, संस्थेच्या बाबतीत सभासद आणि इतर सार्वजनिक ट्रस्टच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी. म्हणजे आपल्या वाचनालयात पुस्तकं बदलायला जाणारी शाळकरी मुलांची आई या जागेसाठी बोलू शकते. मुंबईत राहणारी, वाचनालयाशी संबंध न राहिलेली नातवंडं केवळ नात्याच्या जोरावर बोलू शकतीलच असं नाही.

मार्ग असे आहेत:

• कलम ४१-अ: आयुक्तांनी विश्वस्तांना निर्देश द्यावेत यासाठी अर्ज.
• कलम ४१-ड: हिशेब सतत न देणं, कर्तव्यात कसूर, मालमत्तेचा गैरव्यवहार अशा कारणांवरून विश्वस्ताला निलंबित करणं किंवा काढून टाकणं.
• कलम ४१-ई: मालमत्ता बेकायदा विकली जाण्याचा किंवा नासधुशीचा धोका असेल तर मनाई आदेश.
• कलम ५०: आयुक्तांच्या लेखी संमतीने दोन किंवा अधिक हितसंबंधितांनी न्यायालयात केलेला दावा.

इथे वेळेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९६३ च्या मुदत कायद्यातील कलम १० नुसार, विश्वस्ताच्या किंवा त्याच्या वारसाच्या हातातली ट्रस्टची मालमत्ता परत मिळवण्याच्या दाव्याला मुदतीचं बंधन नाही. "तीस वर्षं आमच्याच ताब्यात आहे" हे त्याला सांगता येत नाही. पण मोबदला देऊन जागा विकत घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला हा नियम तसाच लागू होत नाही. म्हणून खरेदीखत होण्याआधी हालचाल करणं शहाणपणाचं. बिल्डरचा बोर्ड दिसला त्याच आठवड्यात उतारा काढावा, तो यासाठी.

प्रक्रिया सोपी आहे असं मात्र समजू नका. बदल अर्जांवरचे वाद वर्षानुवर्षं चालतात आणि तारखांना जाऊन माणसं थकतात. एकट्याने लढण्यापेक्षा पाच-दहा वाचकांनी किंवा सभासदांनी मिळून, कागद हातात घेऊन जाणं केव्हाही चांगलं.

हॉस्पिटलच्या बिलाशी ट्रस्टचा काय संबंध?

थेट संबंध आहे. अनेक मोठी खासगी वाटणारी रुग्णालयं प्रत्यक्षात धर्मादाय ट्रस्टची असतात. कलम ४१-अअ आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. निर्धन रुग्णाला दाखल करताना अनामत रक्कम मागता येत नाही.

रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जवळ असू द्या. रुग्णालय धर्मादाय आहे का, निर्धन रुग्णांसाठीच्या खाटा किती रिकाम्या आहेत, हे दाखल होतानाच विचारा. नकार मिळाला तर धर्मादाय कार्यालयात तक्रार करता येते. हीदेखील ट्रस्टच्या लाभार्थ्याच्या हक्काचीच गोष्ट आहे.

घरच्यांसाठी ट्रस्ट करावा का?

ट्रस्ट फक्त श्रीमंतांचे, हाही एक गैरसमज. विशेष मुलाच्या आई-वडिलांना "आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न रोज छळतो. मृत्युपत्राने पैसे मुलाच्या नावावर होतील. पण तो ते स्वतः सांभाळू शकत नसेल तर? अशा वेळी खासगी ट्रस्ट उपयोगी पडतो. औषधं, मदतनीस, निवास यांवर दरमहा खर्च कसा करायचा, हे आई-वडील कागदात लिहून ठेवू शकतात. मृत्युपत्र मृत्यूनंतर लागू होतं. ट्रस्ट हयातीतच सुरू करता येतो. त्यामुळे नेमलेला विश्वस्त कसं काम करतो, हेही डोळ्यांदेखत पाहता येतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ट्रस्ट पैसे सांभाळतो. माणसाचा कायदेशीर पालक हा वेगळा विषय आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली स्थानिक समितीकडून पालक नेमून घेता येतो. दुसरं म्हणजे, स्थावर मालमत्तेचा ट्रस्ट हयातीत करायचा तर लेखी आणि नोंदणीकृत कागद लागतो. मुद्रांक शुल्क आणि कराचा हिशेब वकील व सीएकडून आधीच समजून घ्या. शक्यतो एकापेक्षा जास्त विश्वस्त नेमा आणि एखादा विश्वस्त गेला तर पुढचा कोण, हे लिहा.

देणगी देण्याआधी काय पाहाल?

पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का? परिशिष्ट-१ वर आजच्या विश्वस्तांची नावं आहेत का? शेवटचं लेखापरीक्षण कधी झालं? धर्मादाय नोंदणी असली म्हणजे करसवलत मिळेलच असं नाही. त्यासाठी आयकर विभागाची वेगळी मान्यता लागते. जागा देणार असाल तर ती कशासाठी आणि कुणासाठी देताय, विश्वस्त कसे निवडले जातील, हे कागदात स्वच्छ लिहा. पुढचे निम्मे वाद तिथेच टळतात.

तर मग वाचनालयाची जागा कुणाची?

ती आजोबांच्या नातवंडांची नाही आणि अध्यक्ष म्हणवणाऱ्या मुलाचीही नाही. विश्वस्तांनी ती फक्त सांभाळायची आहे. ती गावातल्या वाचकांसाठी आहे; त्यातले काही अजून शाळेतही गेलेले नाहीत. त्यांच्या वतीने आज कुणीतरी धर्मादाय कार्यालयात जाऊन एक उतारा मागायला हवा.